मित्रकीटक आणि कीटकनाशके

परागीभवन करणाऱ्या व पिकांवरील किडी खाणाऱ्या कीटकांना शेतीत मित्रकीटक म्हणतात. मधमाश्या, ढालकिडे, क्रायसोपा हे त्यांतले परिचित. बहुतेक कीटकनाशके कीड आणि मित्र यांत भेद करीत नाहीत. शिवाय भक्षकांची संख्या किडीपेक्षा सावकाश भरून येते, त्यामुळे फवारणीनंतर मावा वा पांढरी माशी पुष्कळदा दुप्पट जोमाने उसळते.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम व क्लोथियानिडिन ही निओनिकोटिनॉइड गटातील रसायने आंतरप्रवाही आहेत. बियाण्याला चोळलेले औषध रोपात भिनते आणि पुढे पराग व मकरंदात अल्प प्रमाणात उतरते. ते कीटकाच्या चेतासंस्थेवर काम करते. मात्रा मारक नसली, तरी कामकरी माशीची दिशा ओळखण्याची व गंध लक्षात ठेवण्याची शक्ती क्षीण होते आणि तिला पोळ्याची वाट सापडत नाही. केवळ मेलेल्या माश्या मोजणारी चाचणी म्हणूनच अपुरी ठरते. 2008 मध्ये जर्मनीतील ऱ्हाइन खोऱ्यात मक्याच्या पेरणीवेळी उडालेल्या क्लोथियानिडिनच्या धुळीने मधमाश्यांच्या 11,000 हून अधिक वसाहतींची हानी झाली. युरोपीय संघाने 2018 मध्ये या तिन्ही रसायनांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली.

वायुप्रदूषणाचा आघात वेगळा असतो : डिझेलचा धूर व ओझोन फुलांच्या गंधातील रेणू मोडतात, त्यामुळे गंधाच्या मागाने येणाऱ्या मित्रकीटकांना फुले शोधणे अवघड जाते.

महाराष्ट्रात कांद्याचे बीजोत्पादन मधमाश्यांवर फार अवलंबून आहे. गोंडे फुललेले असताना फुलकिड्यांसाठी केलेली फवारणी बीधारणा घटवते. ती टाळता येत नसेल, तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करतात.