विळा, कपाळ आणि किंमत

१९०४ साली ग्रेनाडा बेटावरून एक कृष्णवर्णीय तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोला आला. वर्ष सरण्याआधीच खोकला, ताप आणि अशक्तपणा घेऊन तो तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता काही तांबड्या पेशी नेहमीसारख्या गोल नव्हत्या. त्या लांबट, वाकलेल्या, विळ्याच्या पात्यासारख्या होत्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या निरीक्षणावर लेख लिहिला आणि वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे राहिले. लेखात रुग्णाचे नाव मात्र नव्हते. वॉल्टर क्लेमेंट नोएल हे नाव अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातून वाचकांसमोर आले ते १९८९ साली. तोपर्यंत नोएल यांना जाऊन सात दशके उलटली होती. शिक्षण पूर्ण करून, मायदेशी परतून, दंतवैद्य म्हणून काम करत असताना १९१६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला होता.

पेशीला नाव मिळाले आणि माणूस अनामिक राहिला, हा योगायोग आम्हाला सूचक वाटतो. सिकलसेलचा पुढचा सगळा इतिहास या एका विसंगतीभोवती फिरत राहिलेला दिसतो. साहित्याच्या अभ्यासकाने या इतिहासाकडे का पाहावे, याचे उत्तरही त्यातच आहे. कोणाला नाव मिळते, कोणाला खूण मिळते आणि कोणाला उपचार मिळतो, हे प्रश्न मुळात भाषेचे आणि सत्तेचे आहेत.

हा आजार हेरिक यांनी शोधला असे म्हणणेही अर्धसत्यच ठरेल. पश्चिम आफ्रिकेतील भाषांना तो आधीपासून ठाऊक होता. घानामधील डॉ. कोनोटे-आहुलू यांनी तिथल्या लोकभाषांतील या आजाराची नावे नोंदवली आहेत, आणि त्यांतील अनेक नावांत अक्षरांची पुनरावृत्ती आहे. जणू पुन्हा पुन्हा उसळणारी हाडांतील कळ शब्दानेच उच्चारून दाखवावी. विज्ञानाने नाव दिले ते पेशीच्या आकारावरून आणि लोकभाषेने दिले ते वेदनेच्या लयीवरून. दोन्ही नावे खरीच आहेत, पण ती दोन वेगवेगळ्या जागी उभे राहून दिलेली आहेत.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ‘रेणूचा आजार’ असल्याचे दाखवून दिले. विकृती पेशीत नव्हती, पेशीतील हिमोग्लोबिनच्या रेणूत होती. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी ती नेमकी कुठे आहे तेही सांगितले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बाकी सारा मजकूर जसाच्या तसा असतो. एका मुद्रणदोषाने अर्थाचा अनर्थ व्हावा तसा हा प्रकार आहे. मात्र या उपमेला एक मर्यादा आहे. १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी दाखवले की हे जनुक एकाच पालकाकडून आलेल्या वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतो तो डासांच्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या तगून राहिलेल्या माणसांचा वारसाही आहे. दोन्ही पालकांकडून तेच जनुक आले, तरच तो वारसा आजार होऊन बसतो.

याच पॉलिंग यांनी १९६८ साली एक सूचना केली. हे जनुक बाळगणाऱ्या प्रत्येक तरुण व्यक्तीच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत! सूचना करणारा माणूस दुष्ट नव्हता. अण्वस्त्र-चाचण्यांविरुद्धच्या लढ्यासाठी त्याला शांततेचे नोबेल मिळालेले होते. वेदना टाळावी हाच त्याचा हेतू होता. पण वेदना टाळण्याचा मार्ग कपाळावरून काढताना ते कपाळ कोणाचे आहे, याचा विचार त्याने केला नाही. अमेरिकेत ते बहुधा कृष्णवर्णीयांचे होते. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने स्वतःच्या वस्त्यांत मोफत तपासणी सुरू केली, १९७२ मध्ये संघराज्य सरकारने कायदा केला. दरम्यान काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि वाहक व रुग्ण यांतील फरक न समजल्याने निरोगी माणसांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. वायुदलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. गोंदण प्रत्यक्षात झाले नाही, पण ते वाचले गेले.

भारतात या जनुकाची नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयी ‘द लॅन्सेट’मध्ये लिहिले. त्यानंतर गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार, मेळघाट अशी नावे या आजाराच्या नकाशावर येत गेली आणि आदिवासींबरोबर विदर्भातील दलित समाजाचाही त्यात मोठा वाटा असल्याचे स्पष्ट झाले. आज विदर्भातल्या खेड्यात ‘सिकलसेल’ हा मराठीच शब्द आहे. शास्त्रीय परिभाषेने घडवलेले प्रतिशब्द पुस्तकात राहिले; लोकांनी उचलला तो दवाखान्याच्या चिठ्ठीवरचा शब्द.

आता उपचाराकडे वळू. १९४८ साली जेनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की नवजात बाळांना या आजाराचा त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते. ते हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकवता आले तर? या एका प्रश्नाला पुढे दोन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी. १९९८ मध्ये अमेरिकेत तिला या आजारासाठी मान्यता मिळाली. भारतात ती स्वस्तात तयार होते. मात्र घेणाऱ्याचे रक्त ठरावीक काळाने तपासावे लागते. दुसरे उत्तर जनुक-संपादनाचे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करणारी कळ रुग्णाच्याच मूळ पेशींत क्रिस्पर तंत्राने निकामी करायची आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय आधी तीव्र केमोथेरपी, रुग्णालयात दीर्घ मुक्काम आणि वंध्यत्वाचा धोका.

तत्त्व एकच, पण एका टोकाला काही रुपयांची गोळी आणि दुसऱ्या टोकाला १८ कोटी. आम्हाला इथे महागड्या उपचाराचा निषेध करायचा नाही. जन्मभराच्या कळा थांबू शकतात ही लहान गोष्ट नव्हे. पण गोळी मान्य होऊन पाव शतक लोटल्यावरही दुर्गम पाड्यावरच्या मुलीला ती नियमित मिळण्याची आणि रक्ततपासणीसाठी तालुक्याला जाण्याच्या एसटी भाड्याची हमी देता येत नसेल, तर अडचण विज्ञानाची उरलेली नाही, हे मान्य करावे लागेल.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ हे लक्ष्यवर्ष आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हा संकल्प. तपासणी झालेल्यांना कार्डे मिळतात आणि विवाहापूर्वी ती जुळवून पाहावीत असा सल्ला दिला जातो. तपासणीचे मोल आम्ही नाकारत नाही. वेळेवर निदान झालेले बाळ वाचू शकते, आणि दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक असते हे जोडप्याला कळलेच पाहिजे. तरीही ‘निर्मूलन’ या शब्दापाशी थांबावेसे वाटते. देवीचे निर्मूलन झाले तेव्हा विषाणू गेला, माणसे राहिली. इथे मूळ आहे ते माणसाच्याच रक्तात. मग उपटायचे नेमके काय? जे जन्मले आहेत त्यांची वेदना, की जे जन्मतील त्यांचा जन्म? कुंडलीची सवय असलेल्या समाजात, जिथे नकाराची शिक्षा बहुतेक वेळा मुलीच्या वाट्याला येते, तिथे कार्डाचे कपाळ व्हायला वेळ लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले, पण सरकारी नोकरीतील आरक्षण ज्या गटांना दिले त्यांत रक्ताचे आजार नाहीत. खूण मिळाली, खुणेबरोबर यायला हवा होता तो हक्क अर्धाच आला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या जीनोमिक्स संस्थेत विकसित झालेल्या देशी क्रिस्पर उपचाराची घोषणा झाली. तो परवडणारा व्हावा म्हणून तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. उपचाराचे नाव ‘बिरसा १०१’. बिरसा मुंडा यांचे नाव देणे सोपे आहे, ते पेलणे अवघड. त्यांचा लढा जमिनीवरच्या हक्कासाठी होता, कृपेसाठी नव्हता. हा उपचार ज्यांच्या नावाने ओळखला जाणार, त्यांच्याच पाड्यावर तो दान म्हणून पोहोचतो की हक्क म्हणून, यावरच त्या नावाचा खरेखोटेपणा ठरेल.

हेरिक यांच्या लेखातून नोएल यांचे नाव गळले होते. ते शोधायला ७९ वर्षे लागली. आपल्याकडच्या नोंदवह्यांत आज कोट्यवधी नावे लिहिली जात आहेत. त्या नावांपुढे रक्तगटाच्या रकान्याइतकाच ‘औषध मिळाले’ हा रकानाही भरला जातो का, हे विचारत राहणे आपल्या हाती आहे.