लाल धाग्याचा शिक्का

बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात १६३४ सालचा एक चित्रसंग्रह आहे. पानं आठ. सोंग आणि युआन काळातल्या चित्रांच्या या प्रती कुंचल्यानं नाही, तर सुईनं रेशमावर भरलेल्या. त्यातलं एक पान मी मोबाइलवर झूम करून पुन्हापुन्हा बघते: वसंतातले डोंगर, फुलांनी लगडलेल्या फांद्या, ओढा आणि जगापासून दूर राहणारा कोळी. ही कल्पना चौदाव्या शतकातल्या वांग मंग या चित्रकाराची. भरतकाम हान शीमंगचं. ती शांघायच्या कू घराण्याची सून.

या घरातल्या बायका रेशमाचा धागा उकलून केसाहून बारीक करत. टाक्यांच्या जोडीला हलका रंगही देत. हानच्या नवऱ्यानं लिहून ठेवलंय, की कडाक्याच्या थंडीत, दमट उकाड्यात किंवा अंधारलेल्या पावसात ती सुई हातात घेत नसे. स्वच्छ उजेडातच काम. नामांकित चित्रकार तोंग छिछांगनं पानापानासाठी प्रशस्ती लिहिली.

हे सगळं पुरुषांनी लिहिलेलं. तिचा स्वतःचा शब्द शिक्क्यात आहे. चित्रकार लाल शिक्का उमटवतात. तिनं तो धाग्यानं भरला: हान बाईचं सुईकाम. 'हान' हे माहेरचं नाव, चिनी रीतीप्रमाणे.

पुढे घराण्याची श्रीमंती ओसरली आणि बायकांचं भरतकाम विकून घर चालू लागलं. ही कला आजही 'कू भरतकाम' म्हणूनच ओळखली जाते, म्हणजे सासरच्या नावानं. म्हणून मला त्या फुललेल्या फांद्यांइतकाच तो छोटा लाल शिक्काही मोलाचा वाटतो.