रात्रीचं पाणी आणि गारठलेली बोटं

आजचा भाग एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे झाला.

मेसेज माझ्या चुलतभावाचा. तो नुकताच आमच्या लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला लागलाय. पहिल्या पगारातून त्याला त्याच्या वडिलांसाठी, म्हणजे आमच्या नानांसाठी, बॅटरीवर गरम होणारे हातमोजे घ्यायचेत. त्यानं तीन लिंक पाठवल्या आणि खाली लिहिलं, "दादा, यातला कुठला घेऊ?"

त्याच्या विचारण्याला कारण होतं. मागच्या थंडीत नाना रात्रीचे उसाला दारं धरत होते. बोटं इतकी बधिर झाली की खोऱ्याचा पत्रा लागून अंगठ्याजवळ कापलं, तरी त्यांना समजलंच नाही. घरी येऊन चुलीपुढं हात धरले तेव्हा रक्त दिसलं. चार टाके पडले. त्यात नानांना साखर आहे, जखम भरायला महिना गेला.

म्हटलं, बघू या तरी हे मोजे आले कुठून. लिंक बघता बघता मी शंभर वर्षं मागं गेलो.

पहिल्या महायुद्धात विमानं उघडी असायची. वर छत नाही, समोरून वारा. आणि जितकं वर जाल तितकी थंडी वाढते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी. वैमानिक चामड्याचे, लोकरीचे मोजे एकावर एक चढवायचे, पण मग बोटं वाकायची नाहीत. म्हणून युद्धाच्या शेवटी शेवटी विजेच्या तारा घातलेले कपडे आणि मोजे आले. वीज कुठून? विमानाला बाहेरून लावलेल्या, वाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या पंख्यातून. त्या युद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं उडणारे भारतीय वैमानिक अगदी मोजके होते. त्यातले एक मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं विमान पडलं आणि ते गेले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं २५ हजार फुटांवरून जर्मनीवर जायची. तिथं तापमान शून्याखाली ४० अंश. विमानाच्या पोटाला दोन्ही बाजूंना उघड्या खिडक्या आणि तिथं बंदूक धरून उभी असलेली विशीतली पोरं. बंदूक अडकली की ती सोडवायला मोजा काढावा लागायचा, आणि तेवढ्यात बोटं जायची. सुरुवातीच्या वर्षभरात शत्रूच्या गोळ्यांपेक्षा हिमदंशानं जायबंदी झालेली माणसं जास्त होती.

बरं, गरम होणारे सूट त्यांच्याकडं होते. मग चुकलं कुठं? पहिल्या सूटमधल्या तारा एकामागोमाग एक जोडलेल्या होत्या. दिवाळीची जुनी माळ आठवा, एक दिवा गेला की अख्खी माळ अंधारात. तसंच इथं. हाताच्या बोटाशी तार तुटली की पायातले मोजेसुद्धा थंड. नंतरच्या सूटमध्ये प्रत्येक भागाला वेगळी वाट दिली, तेव्हा कुठं भरवसा आला. आज दुकानात मिळणारा मोजा त्याच जातीचा आहे. मधे फक्त बॅटरी सुधारली. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि पुढं ती मनगटाच्या खिशात मावेल इतकी लहान झाली.

यातून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. हा मोजा ज्यांच्यासाठी तयार झाला, त्यांच्या हातात कामाची वेळही नव्हती आणि जागाही नव्हती. हुकूम आला की उडायचं.

मग नानांचं काय? त्यांना रात्री दोन वाजता शेतात जायचा हुकूम कुणी दिला?

आपल्याकडं थंडी म्हणजे काही युरोप नाही. पुण्यातली नोंदलेली सगळ्यात कडाक्याची रात्र १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंश. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो, एवढंच. एवढ्या थंडीत कोरड्या हाताला काही होत नाही. पण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. सरीतल्या पाण्यात हात, चिखलात पाय, वरून उघडं रान. म्हणजे आपली अडचण थंडीची कमी आणि ओल्या रात्रीची जास्त.

आणि ही ओली रात्र नैसर्गिक नाही. तिला तारीख आहे.

आमचा भाग कमी पावसाचा. पूर्वी इथं ज्वारी-बाजरी आणि मेंढरं. मेंढराच्या लोकरीची घोंगडी हेच थंडीचं हत्यार. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही, म्हणून घोंगडीची खोळ करून माणूस रात्रभर राखणीला बसायचा. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला, लोकांना काम म्हणून नीरा डावा कालवा खोदायला घेतला, आणि १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरकडं पाणी आलं. पाण्याबरोबर आली पाळी. कालवा रात्री बंद करता येत नाही, तो वाहतच राहतो. मग शेजपाळीत ज्याचा नंबर रात्री लागेल, त्यानं रात्री पाणी घ्यायचं. नाही गेलास तर पाणी पुढच्याच्या शेतात. पाटकऱ्याची हाक आली की आमचे पणजोबा कंदील घेऊन निघायचे, असं घरात सांगतात.

१९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि फुगवट्याच्या काठानं मोटारी बसल्या. आता वाटलं, पाणी आपलं, वेळ आपली. पण मोटार चालते विजेवर. शहरं आणि कारखान्यांची मागणी दिवसा वाढलेली, आणि कोळशावरचं वीजकेंद्र रात्री बंद करून सकाळी लगेच चालू करता येत नाही. मग रात्री उरलेली वीज शेतीला. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, असं चक्र लागलं. कंदिलाच्या जागी बॅटरी आली, पाटकऱ्याच्या जागी 'लाईट आली' ही आरोळी आली. रात्र तीच राहिली. वर साप, आणि आता उसात बिबट्याही.

याला उत्तर शोधणारे लोकही आपल्याच जिल्ह्यातले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' हे यंत्र बनवलं. म्हाताऱ्या आजोबांची मोटारीपर्यंतची रात्रीची पायपीट त्यांनी पाहिली होती. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. आता तर असे मोबाईल स्टार्टर तालुक्याच्या दुकानात मिळतात. मात्र फोन मोटार चालू करतो, सरीचं दार फिरवत नाही. त्यासाठी ठिबक लागतं.

दुसरं उत्तर सूर्याचं. २०१७ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. गावाजवळ सौर पॅनेल आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला. सौर वीज तयारच दिवसा होते. म्हणजे ज्या हिशोबानं शेतकऱ्याला रात्री शेतात पाठवलं, तो हिशोबच उलटतो. नानांच्या फीडरवर अजून रात्रीची पाळी येते. पण ती कायमची नाही, हे आता दिसायला लागलंय.

तर, भावाला मी काय सांगितलं?

एक, पाण्याच्या कामाला बॅटरीचा मोजा नको. बहुतेक मोजे शिंतोडे सोसतात, बुडवलेले सोसत नाहीत. त्यापेक्षा कोपरापर्यंतचा रबरी मोजा, आत पातळ लोकरी मोजा, आणि आतल्या मोज्याची एक कोरडी जोडी खिशात.

दोन, आधी अंग झाका. छाती आणि डोकं गार पडलं की शरीर बोटांकडचं रक्त आखडून घेतं. कानटोपी आणि स्वेटर हे बोटांचंच औषध आहे.

तीन, साखर असलेल्या माणसाच्या बोटांना चटका लवकर कळत नाही. गरम मोजा पूर्ण तापवून तासन् तास घातला तर भाजू शकतं. आणि कुठलाही मोजा, गरम किंवा घरगुती रबरी, विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही. ओल्या हातानं स्टार्टरला शिवायचं नाही म्हणजे नाही.

चार, गरम मोजा कोरड्या थंडीत आणि वाऱ्यात उपयोगी. पहाटे हायवेनं बाईकवर ड्युटीला जाणाऱ्यानं जरूर घ्यावा. घेताना बघा, उष्णता बोटांच्या टोकापर्यंत जाते का, बॅटरी सुटी बदलता येते का, आणि मोजा न काढता ब्रेक नीट दाबता येतो का. तिसरी गोष्ट त्या विमानातल्या पोरांनी बोटं घालवून शिकवलीय.

भावानं हे सगळं नानांना वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "मग ते गरम मोजं तूच घाल, पहाटं गाडीवर तूच जातोस. मला स्टार्टर बसवून दे."

स्टार्टर बसला. ठिबक सध्या फक्त एका एकराला आहे, म्हणून बाकीच्या उसाला नाना अजून रात्री जातातच. हातात रबरी मोजे, डोक्याला कानटोपी आणि अंगावर आजोबांची घोंगडी.

तुमच्या घरात रात्रीच्या पाण्याला कोण जातं? त्यांना एकदा विचारा, पहिल्यांदा कधी गेला होतात, आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हात सांभाळा!