गद्धेपंचविशीतला मेंदू : एका शोधाचा इतिहास

सोळा ते पंचवीस या वयाला मराठीत ‘गद्धेपंचविशी’ म्हणतात. भरधाव बाईक चालवणं, पैजेखातर खोल पाण्यात उडी मारणं, सिगारेट ओढून बघणं, हे सगळं बहुतेक याच वयात घडतं. “याला धोका कळतच नाही,” असं पालक म्हणतात. हे खरं आहे का? याचं उत्तर मिळायला शास्त्राला शंभर वर्षं लागली.

१९०४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी पौगंडावस्थेवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि या काळाचं वर्णन ‘वादळ आणि ताण’ असं केलं. पण त्या वेळी मेंदूच्या आत पाहायचं साधन नव्हतं. शिवाय सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के होतो. त्यामुळे मेंदूची घडण बालपणीच संपते, असा समज बराच काळ टिकला.

१९७९ मध्ये या समजाला तडा गेला. शिकागोचे बालमेंदूतज्ज्ञ पीटर हटनलोकर यांनी नवजात बाळापासून नव्वदीपर्यंतच्या २१ मृत व्यक्तींचे मेंदू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मेंदूच्या पुढच्या भागात पेशींमधल्या जोडण्या एक-दोन वर्षांच्या वयात सर्वांत दाट असतात आणि पुढे सोळाव्या वर्षापर्यंत कमी होत जातात, असं त्यांना दिसलं. माळी झाडाची छाटणी करतो, तशी मेंदूही नको असलेल्या जोडण्यांची छाटणी करतो.

पुढची पायरी एमआरआयमुळे गाठता आली. १९९९ मध्ये जे गीड आणि सहकाऱ्यांनी १४५ निरोगी मुलामुलींचे स्कॅन प्रसिद्ध केले. त्यांतल्या अनेकांचे स्कॅन काही वर्षांच्या अंतराने पुन्हा काढले होते. पुढच्या भागातलं करडं द्रव्य मुलींमध्ये सुमारे अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षापर्यंत वाढतं, मग कमी होऊ लागतं. परिणामांचा विचार करणं आणि मनाला ब्रेक लावणं हे याच भागाचं काम. मेंदूत सर्वांत उशिरा पक्व होणाऱ्या भागांपैकी हा एक. याउलट मजा आणि बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा वयात येतानाच जोर धरते. म्हणजे ॲक्सिलरेटर आधी तयार होतो, ब्रेक नंतर.

मग मुलांना धोका कळत नाही का? कळतो. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. काही जण एकटे खेळले, काही जण समवयस्कांसमोर. मित्र पाहत असताना किशोरांनी जास्त धोका पत्करला, मोठ्यांवर मात्र मित्रांचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे समज असते, पण मित्रांसमोर, उत्साहाच्या भरात ती कमी पडते.

गंमत म्हणजे न्यूझीलंडने १९८७ मध्येच वाहन परवाना टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली होती. नवशिक्याला सुरुवातीला रात्री उशिरा एकट्याने गाडी चालवायला किंवा अनुभवी चालक सोबत नसताना प्रवासी बसवायला बंदी होती. नुसता उपदेश न करता त्यांनी परिस्थितीच बदलली. पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली.

आपल्याकडे गिअरच्या दुचाकीसाठी १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. तरीही क्लासला जायला किल्ली हातात दिली जातेच.

अठरा किंवा पंचवीस पूर्ण होताच मेंदू एका रात्रीत शहाणा होत नाही. तोवर मुलाचा ब्रेक थोडा आपण व्हायचं. किल्ली कधी द्यायची, मागे कोण बसणार, रात्री किती वाजता परतायचं, हे शांत वेळी मुलांशी बोलून ठरवा. ऐन उत्साहाच्या क्षणी दिलेला सल्ला त्यांच्या कानापर्यंत पोहोचणं कठीण असतं.