मोज्यातून घडलेले प्राणी

मराठीत ‘विणकाम’ हा एकच शब्द मागावरच्या कापडालाही लावला जातो आणि दोन सुयांवरच्या स्वेटरलाही, त्यामुळे या दोन कामांमधला मूळचा फरक बोलण्याच्या ओघात बहुधा झाकला जातो. मागावर ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात व त्यातून निघणारे कापड सपाट आणि काहीसे हट्टी असते. सुयांवर मात्र एकच अखंड धागा असतो, त्याचा एक फासा आधीच्या फाशातून ओढून काढत ओळीवर ओळ चढत जाते, आणि हे फासे जागच्या जागी थोडेफार सरकत असल्यामुळे तयार होणारी वीण चारी बाजूंनी ताणते. कापडाचा ससा शिवायचा झाला तर पोटाला एक कळी, डोक्याला दुसरी, असे तुकडे कातरून जोडावे लागतात, कारण सपाट कापडाला गोलाई शिवणीतूनच द्यावी लागते. विणीला ती टाके वाढवून किंवा घटवून विणता विणताच देता येते, आणि जी कसर राहते ती आत भरलेला कापूस भरून काढतो. हातांनी विणलेल्या मऊ प्राण्यांचा इतिहास म्हणूनच खेळण्यांच्या इतिहासापेक्षा मोज्यांच्या इतिहासाला अधिक जवळचा आहे. पायात घालण्यासाठी जी बंद तोंडाची नळी माणसाने विणून काढली तिच्यातच माकड आणि अस्वल दडलेले होते. ते बाहेर यायला मात्र बरीच शतके जावी लागली.

भरलेले खेळणे आणि फाशांनी गुंफलेला मोजा या दोन्ही वस्तू इजिप्तमध्ये शेजारीशेजारी सापडतात. ऑक्सिऱ्हिंकस, म्हणजे आजचे अल-बहनासा, येथून आलेली रोमन काळातील एक बाहुली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती जाड्याभरड्या लिननची असून तिच्या आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे कोंबलेले आहेत. त्याच गावचे लाल लोकरीचे मोजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असून चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्यांचा अंगठा निराळा काढलेला आहे. ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या शतकातले असले तरी आजच्या अर्थाने विणलेले नाहीत. नेढे असलेल्या एकाच सुईत धाग्याचा आखूड तुकडा ओवून, तो प्रत्येक वेळी पूर्ण बाहेर ओढत फासे गुंफण्याची जी रीत अभ्यासकांमध्ये ‘नालबिंडिंग’ या स्कँडिनेव्हियन नावाने ओळखली जाते, तिच्यातले ते काम आहे. दोन किंवा अधिक सुयांवरच्या खऱ्या विणीचे जे सर्वांत जुने नमुने हाती आहेत तेही इजिप्तमधलेच, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले, आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा मोजेच, निळ्या-पांढऱ्या सुताचे. बाहुली कापडाची आणि वीण पायाची, ही वाटणी बराच काळ टिकली.

विणलेली आणि आत काहीतरी भरलेली वस्तू युरोपात प्रथम ठळकपणे भेटते ती थेट राजाच्या घरी. स्पेनमध्ये बुर्गोसजवळच्या लास हुएल्गास या मठात फर्नांदो द ला सेर्दा हा कास्तीलचा राजपुत्र पुरलेला आहे. तो १२७५ मध्ये वारला आणि त्याच्या शवपेटीत ज्या उशा ठेवल्या होत्या त्यांचे अभ्रे रेशमी धाग्याने विणलेले होते. त्यांची वीण इतकी बारीक आहे की एका इंचात सुमारे २० टाके बसतात, आणि ख्रिस्ती राजपुत्राच्या या उशीच्या काठावर ‘बरकत’ या अर्थाची अरबी अक्षरे विणलेली आहेत, यावरून ते हात कोणाचे असावेत याचा अंदाज बांधता येतो. तेराव्या शतकात ही कला खेळण्यावर उधळण्याइतकी स्वस्त नव्हती, एवढे या उशीवरून स्पष्ट होते.

पुढच्या काही शतकांत विणकाम हा युरोपात धंदा झाला आणि त्या धंद्याचा कणा मोजा हाच राहिला. विल्यम ली याने इंग्लंडमध्ये १५८९ साली जे यंत्र बनवले तेही मोजे विणण्याचेच होते. या काळात विणकऱ्यांच्या हातात जी युक्ती मुरली ती खेळण्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मोज्याची नळी सरळ खाली विणत आणली की घोट्यापाशी तिला काटकोनात वळवावे लागते. त्यासाठी अर्ध्याच टाक्यांवर मागेपुढे ओळी विणून एक छोटा कप्पा तयार करतात, त्याला टाच वळवणे म्हणतात, आणि शेवटी बोटांपाशी ठरावीक अंतराने दोन-दोन टाके एकत्र विणत नळीचे तोंड मिटवतात. टाचेचा हा कप्पा म्हणजेच पुढे विणलेल्या कुत्र्याचे नाकाड झाले, बोटांकडचे मिटलेले टोक म्हणजे अस्वलाचा माथा झाला, आणि हातमोज्याचा अंगठा ज्या रीतीने बाजूला फुटतो त्याच रीतीने प्राण्याला पाय फुटले. एखाद्या निष्णात मोजेवालीला हत्ती विणण्यासाठी नवीन काहीच शिकावे लागले नसते. तिला फक्त फावला वेळ आणि उरलेली लोकर हवी होती.

या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गीय घरांत आल्या. जर्मनीतून येणारी मऊ, चटक रंगांची ‘बर्लिन लोकर’ बाजारात मिळू लागली आणि तिच्याबरोबर छापील नमुन्यांची पुस्तकेही आली. एडिंबरोच्या जेन गोगेन या दुकानदारीणबाईंचे पुस्तक १८४० मध्ये निघाले आणि त्यानंतर अशा पुस्तकांची रीघ लागली. तोवर जे ज्ञान आईच्या हातांकडे पाहून मुलीच्या हातात उतरत असे ते आता टाक्यांच्या आकड्यांत लिहिले जाऊ लागले, म्हणजे ज्या बाईला कोणी शिकवायला नव्हते तिलाही ओळ मोजत मोजत वस्तू करता येऊ लागली. या पुस्तकांत बटवे, टाचण्यांच्या उशा, बाळांचे मोजे आणि फाकीफाकीने विणलेले लोकरीचे चेंडू आहेत. चेंडू आणि टाचण्यांची उशी यांना प्राण्यांचे थेट पूर्वज मानायला हरकत नाही, कारण दोन्ही विणून आत भरायच्या वस्तू आहेत.

टाचण्यांच्या उशीतूनच मऊ प्राण्यांचा कारखाना उभा राहिला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे, जरी ती उशी विणलेली नसून फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या कापडाची होती. जर्मनीतील गिंगेन या गावी १८४७ मध्ये जन्मलेल्या मार्गारेट श्टाइफ यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. पाय कायमचे निकामी झाले आणि उजवा हातही नीट चालेना, तरी त्या शिवण शिकल्या आणि फेल्टच्या कपड्यांचा व्यवसाय करू लागल्या. १८८० मध्ये त्यांनी एका फॅशनच्या मासिकातील नमुन्यावरून छोटा हत्ती शिवला तो टाचण्या खुपसण्यासाठी, पण भेट म्हणून मिळालेल्या या हत्तींचा ताबा घरोघरच्या मुलांनी घेतला आणि १८८६ पर्यंत वर्षाला ५,००० हून अधिक हत्ती विकले जाऊ लागले. त्यांचा पुतण्या रिचर्ड याने १९०२ मध्ये मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांपासून केलेल्या मखमलीसारख्या कापडाच्या अस्वलाची रचना केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीत शिकारीच्या वेळी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये आले, आणि ‘टेडी’ हे नाव जगभर झाले. मोहेरचे अस्वल महाग होते. ज्यांना ते परवडत नव्हते त्यांच्याकडे सुया होत्या.

मोजा आणि खेळणे यांचे नाते इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड या गावाइतके उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. जॉन नेल्सन या स्वीडिश स्थलांतरिताने तेथे मोजे विणण्याच्या यंत्रात सुधारणा केल्या आणि त्यातून उभ्या राहिलेल्या नेल्सन निटिंग कंपनीचे करड्या-तपकिरी रंगाचे, जाड, शिवणीविना विणलेले मोजे शेतकरी आणि कामगार वापरू लागले. इतर गिरण्यांनी नक्कल सुरू केल्यावर आपला माल ओळखू यावा म्हणून कंपनीने १९३२ मध्ये मोज्यांची टाच लाल केली. काळ महामंदीचा होता, घराघरांत विटके मोजे जपून ठेवले जात होते, आणि ते कापून, भरून, शिवून माकडे करण्याची टूम निघाली. एका मोज्याचे पाऊल हे माकडाचे डोके झाले आणि त्याचा घोट्यावरचा भाग मधोमध चिरून दोन पाय निघाले; दुसऱ्या मोज्यातून हात, शेपटी आणि कान कातरले गेले, आणि त्याची लाल टाच तोंडावर शिवली की माकडाचे जाड, किंचित हसरे ओठ तयार होऊ लागले. गिऱ्हाइकाची फसगत टाळण्यासाठी रंगवलेली टाच अशा रीतीने एका प्राण्याचा चेहरा झाली. पुढे या माकडाच्या हक्कावरून वाद होऊन १९५५ मध्ये तो कंपनीच्या बाजूने मिटला, आणि कंपनी मोज्यांच्या जोडीबरोबर माकड करण्याची कृती छापून देऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धाने घरच्या विणीला आणखी बळ दिले. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आले, ते १९४९ पर्यंत राहिले, आणि विणायची लोकरही कुपनांवर गेली. तेव्हा जुना स्वेटर उसवून, त्याची लडी करून, ती धुऊन, सुरकुत्या जाण्यासाठी वजन लावून वाळत घालणे हे रोजचे काम झाले. बाळाला आखूड झालेले जाकीट उसवले की त्यातून दुसरे जाकीट निघे, आणि तेही न निघण्याइतकी लोकर उरली की ससा निघे. आत भरायला लाकडाचा बारीक कीस किंवा कपोक वापरत असत. कपोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, जो कोकणात उशा-गाद्यांत भरत आले आहेत. युरोप-अमेरिकेला तो मुख्यतः जावा बेटातून मिळत असे आणि १९४२ मध्ये जपानने जावा घेतल्यावर तो आटला. पाण्यात तरंगण्याच्या गुणामुळे तो नौसैनिकांच्या जाकिटांना हवा होता, म्हणून अमेरिकेत शाळकरी मुलांनी आपल्याकडच्या रुईच्या कुळातल्या एका झुडपाची बोंडे गोळा करून त्यांच्या म्हाताऱ्या सरकारला पुरवल्या. युद्धानंतर आलेल्या पॉलिएस्टरच्या तंतूंनी भरलेले प्राणी धुता येऊ लागले. डोळ्यांचा प्रश्नही त्याच सुमारास सुटला. बुटांच्या बटणांचे किंवा तारेवर बसवलेल्या काचेचे डोळे मुले उपटून तोंडात घालीत. वेल्समध्ये कारखाना असलेल्या वेंडी बॉस्टन यांनी आतून स्क्रूने घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डोळ्यांचे पेटंट १९४८ मध्ये घेतले. हातांनी विणणाऱ्यांना हा खटाटोप करावा लागला नाही, कारण काळ्या धाग्याचे चार टाके घातले की डोळा होतो आणि तो निखळतही नाही.

विणलेल्या अस्वलाची सर्वांत साधी रचना आज मदतकार्यासाठी विणल्या जाणाऱ्या अस्वलांत टिकून आहे; ऑस्ट्रेलियाच्या रेड क्रॉसमार्फत १९९० पासून अपघात किंवा आपत्तीत सापडलेल्या मुलांना अशी अस्वले दिली जातात. पायापासून सुरुवात करून दोन अरुंद पट्ट्या विणायच्या, मग दोन्ही एका सुईवर घेऊन विजारीचा रंग पुरा करायचा, त्यावर सदऱ्याचा आणि त्यावर तोंडाचा. माथ्यापाशी न थांबता तेच रंग उलट्या क्रमाने विणत पाठीमागून पुन्हा पायांपर्यंत उतरायचे. सर्व ओळी सुलट टाक्याच्या, त्यामुळे नवशिक्यालाही चूक करायला फारसा वाव नसतो. ही लांब पट्टी दुमडून कडा शिवल्या की चौकोनी डोक्याची पिशवी होते. तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर तिरका दोरा घातला की कान उभे राहतात, आणि मानेच्या ओळीतून दोरा ओवून आवळला की धड आणि डोके वेगळे होतात. सुया मात्र लोकरीला एरवी लागतात त्याहून बारीक घ्याव्या लागतात. वीण सैल राहिली तर आतला पांढरा कापूस डोकावतो आणि अस्वल आजारी दिसते.

जपानमध्ये हीच कला क्रोशाच्या एका आकडीवर गेली. तेथे अशा प्राण्यांना ‘अमिगुरुमी’ म्हणतात. ‘आमी’ म्हणजे विणणे आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे भरलेले खेळणे, या दोन शब्दांच्या जोडातून ते नाव आले आहे. यात धागा चक्राकार फिरत राहतो, ओळ कुठे संपली ते दिसत नाही आणि शिवण जवळजवळ उरतच नाही. एकविसाव्या शतकात ही रीत जगभर पसरली आणि तिने दोन सुयांच्या प्राण्यांना बरेच मागे टाकले.

महाराष्ट्रात सुयांचे विणकाम एकोणिसाव्या शतकात मिशनच्या मुलींच्या शाळांतून आणि गोऱ्या साहेबांच्या घरांतून आले. येथील हवेला लोकरीची गरज बेताचीच, त्यामुळे ते मुख्यतः बाळंतविड्यापुरते राहिले: कुंची, टोपडे, मोजे आणि एखादे स्वेटर. मुलांच्या खेळण्यांत लाकडाची ठकी आणि चिंध्यांची बाहुली आधीपासूनच होत्या, आणि लोकरीचा प्राणी मुलाच्या हातात येण्याआधी रुखवतात जाऊन बसला. नवरीच्या हातचे कसब मांडून दाखवायच्या त्या पाटांवर क्रोशाचे रुमाल आणि तोरणे यांच्या शेजारी लोकरीचा कुत्रा किंवा ससा ठेवला जाई; त्याच्याशी कोणी खेळावे अशी अपेक्षा नसे, आणि लग्नानंतर तो बहुधा काचेच्या कपाटात जाई. आज हे प्राणी ज्या धाग्याने विणले जातात तो बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो, त्यात मेंढीचा एक केसही नसतो, तरी दुकानात मागताना आणि देताना दोन्ही बाजूंनी त्याला लोकरच म्हणतात.