सुरतेची घरे आणि वाळवीची साक्ष

सुरतेच्या इतिहासात अग्नी आणि जल या दोन शत्रूंची नोंद ठळकपणे झालेली आहे. १८३७ च्या एप्रिलमध्ये लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली; त्याच वर्षी तापीला महापूर आला. ऑगस्ट २००६ मध्ये तापीने शहराचा फार मोठा भाग पुन्हा पाण्याखाली घेतला. या शहराच्या जुन्या घरांचा तिसरा शत्रू मात्र गाजावाजा न करता येतो, म्हणून इतिहासकारांचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. गुजरातीत त्यास ‘उधई’ म्हणतात. आपण वाळवी म्हणतो.

जुन्या सुरतेतील घरांचा सांगाडा लाकडाचा आणि भिंतींत विटांची भर, अशी बांधणी असे. पक्व सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा शिवत नाही, कारण त्यातील नैसर्गिक द्रव्ये तिला मानवत नाहीत. परंतु त्याच झाडाच्या बाहेरच्या फिकट लाकडास, किंवा मागाहून दुरुस्तीत बसविलेल्या हलक्या फळीस, ते कवच लाभत नाही.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूमिगत पाण्याच्या खुणा सांगताना वारुळास महत्त्वाचे स्थान दिले आहे. वारूळ बांधणारा कीटक मुंगी नसून वाळवी होय, आणि ओलाव्यावाचून तिचा निर्वाह होत नाही. विहीर खणणाऱ्यासाठी सांगितलेली ही खूण गृहस्थाने आपल्या भिंतीसही लावून पाहावी.

जोत्यापासून वर चढणारी पेन्सिलीएवढी मातीची नळी ही पहिली साक्ष. चौकट ठोकली असता येणारा पोकळ नाद आणि बोटाने दाबताच आत जाणारे लाकूड, ही दुसरी. पहिल्या पावसानंतर खिडकीशी गळून पडलेले पंख, ही तिसरी. चारही पंख सारख्या लांबीचे असल्यास ते वाळवीचे. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. तथापि केवळ पंखांवरून निवाडा करू नये, कारण दिव्याच्या ओढीने ते कीटक बाहेरूनही येतात. नळीचा लहानसा तुकडा मोडून ठेवावा. काही दिवसांत तो सांधला गेला, तर आत वस्ती आहे हे सिद्ध झाले. न सांधल्यास मात्र घर निर्दोष ठरत नाही. वाट बदललेली असू शकते.

पुष्कळजण नळी झाडूने पुसतात आणि भिंतीस चुना देतात. हे साक्षीदाराचे तोंड बंद करण्यासारखे आहे. औषधयोजना जाणत्याकडून करवावी. पण गळका नळ, तुंबलेली पन्हळ, भिंतीस टेकलेले जळण यांचा शोध घरधन्यानेच घेतला पाहिजे.

हा प्रश्न केवळ तुळयांचा नाही. वाळवीस कागदही लाकडाइतकाच प्रिय आहे. खरेदीखते, मृत्युपत्रे, देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या बहुधा भिंतीत बसविलेल्या कपाटांतच असतात. पान नष्ट झाले की त्यावर आधारलेला हक्क शाबीत करणे वारसांस दुष्कर होते. म्हणून पावसाळ्यापूर्वी ही कपाटे एकदा रिकामी करून त्यांची मागची भिंत हाताने चाचपून पाहावी.