स्टालिनग्राड : हुकूमशहाला ‘नाही’ कोण म्हणणार?

हिटलर येडा होता, म्हणून हरला. विषय संपला. नाक्यावर, वाचनालयात, अभ्यासवर्गातसुद्धा हे वाक्य ऐकू येतं. ऐकायला बरं वाटतं. एकाचं डोकं फिरलं, बाकीचे सगळे बिचारे. पण दोस्तांनो, एका माणसाच्या येडेपणानं लाखोंची फौज बर्फात मरत नाही. त्या येडेपणाला सलाम ठोकणारी माणसं लागतात. ती कशी तयार होतात हे बघायचं तर स्टालिनग्राड बघायला पायजे.

सुरुवात हरण्यानं झाली नाही, जिंकण्यानं झाली. १९३६ साली हिटलरनं ऱ्हाइनलँडमध्ये फौज घुसवली. सेनापती घाबरले होते, फ्रान्स अंगावर येईल म्हणत होते. फ्रान्स जागचा हलला नाही. १९३८ साली ऑस्ट्रिया गोळी न झाडता घशात घातला. १९४० साली फ्रान्स सहा आठवड्यांत लोळवला. दर वेळी लष्करी शाळांत शिकलेले सेनापती खोटे पडले आणि पहिल्या महायुद्धात कॉर्पोरलच्या वर न चढलेला हा गडी खरा ठरला. कायटेल नावाचा त्याचा फिल्डमार्शल त्याला सर्व काळातला सर्वांत थोर सेनानी म्हणाला. पुढं लोकांनी त्याच पदवीची अक्षरं जोडून ‘ग्रोफाझ’ असं टिंगलीचं नाव पाडलं. पण ते कुजबुजत. तोंडावर कोण बोलणार?

२२ जून १९४१ ला तीस लाखांवर जर्मन सैनिक रशियात घुसले. थंडीच्या आत काम तमाम, असा हिशेब. म्हणून गरम कपडेसुद्धा पुरते नव्हते. डिसेंबरात मॉस्कोसमोर फौज गारठली, रशियनांनी उलटा मार दिला. सेनापती म्हणाले, मागं हटू. हिटलर म्हणाला, एक पाऊल मागं नाही. १९ डिसेंबरला लष्करप्रमुख ब्राउखिट्शला घरी पाठवलं आणि ती खुर्ची हिटलरनं स्वतःच बळकावली. फौज कशीबशी टिकली. रशियन फौजही दमली होती, पांगली होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. हिटलरनं मात्र धडा काढला की माझ्या इच्छाशक्तीनं फौज वाचली. पुढच्या वर्षीच्या मरणाचं बी इथं पेरलं गेलं.

आता त्याच्या डोक्यातला खरा किडा बघा. रशियन म्हंजे स्लाव, हलक्या रक्ताचे. जन्मानं हलका माणूस लढणार काय आणि यंत्रं बनवणार काय? हा हिशेब कसा असतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्याच ‘हलक्या’ लोकांनी १९४१ च्या त्या धामधुमीत दीड हजारांवर मोठे कारखाने उखडून आगगाडीनं पूर्वेकडं नेले आणि पुन्हा उभे केले. त्यांचा टी-३४ रणगाडा बघून जर्मन चाट पडले. जर्मनांच्या हाती लागलेले सुमारे वीस लाख रशियन कैदी पहिल्या आठ महिन्यांतच मेले. कुणी भुकेनं, कुणी थंडीनं, कुणी गोळीनं. ही बातमी लपते का? शरण गेलं तरी मरणच, मग लढूनच मरू, असं सैनिकाला वाटू लागलं. माणसाला माणूस न मानणाऱ्याला शत्रूची ताकदही मोजता येत नाही.

२३ जुलै १९४२ ला हिटलरचा हुकूम निघाला. काकेशसचं तेल आणि व्होल्गाकाठचं स्टालिनग्राड, दोन्ही एकाच वेळी घ्या. म्हंजे एक फौज फोडून दोन दिशांना पाठवा. त्याच दिवशी चीफ ऑफ स्टाफ हाल्डरनं डायरीत लिहिलं, की शत्रूला कमी लेखायची याची जुनी खोड आता हास्यास्पद थराला गेली आहे. लिहिलं डायरीत. सप्टेंबरात फिल्डमार्शल लिस्टला काढलं. योडल लिस्टच्या बाजूनं बोलला, तर हिटलरनं सेनापतींबरोबर जेवायचं सोडलं, हात मिळवायचं सोडलं. बैठकीत शब्दन् शब्द टिपायला लघुलेखक बसवले. २४ सप्टेंबरला हाल्डरही गेला.

८ नोव्हेंबरला म्युनिकच्या सभेत हिटलरनं फुशारकी मारली, की स्टालिनग्राड हातात आलंच आहे, थोडे तुकडे उरलेत. अकरा दिवसांनी रशियनांनी दोन्ही बगलांवर हल्ला चढवला. तिथं तुटपुंज्या हत्यारांनिशी रुमानियाची फौज उभी होती. २३ नोव्हेंबरला कालाचजवळ फास आवळला. अडीच लाखांवर माणसं आत अडकली.

सहाव्या आर्मीचा पाउलुस म्हणाला, बाहेर पडायची मोकळीक द्या. नवा चीफ ऑफ स्टाफ झाइट्सलर म्हणाला, बाहेर काढा. गोअरिंग म्हणाला, मी विमानानं रसद पुरवतो. हिटलरला हवं ते ऐकू आलं. त्याच वर्षी देम्यान्स्कला लाखभर सैनिक विमानांनी जगवले होते, हा दाखलाही हाताशी होता. स्टालिनग्राडला रोज ५०० टन पायजे होते. पडत होते सरासरी शंभरच्या आसपास. सैनिकांनी घोडे खाल्ले. डिसेंबरात मानस्टाइनची मदत पन्नासेक किलोमीटरवर येऊन थांबली. हिटलरनं शहर सोडायचा हुकूम दिला नाही. पाउलुसनं हुकमाशिवाय पाऊल उचललं नाही.

३० जानेवारी १९४३ ला हिटलरच्या सत्तेला दहा वर्षं झाली. त्या दिवशी त्यानं पाउलुसला फिल्डमार्शल केलं. जर्मन फिल्डमार्शल कधी शरण जात नाही, म्हंजे गोळी घालून घे, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी पाउलुस शरण गेला. २ फेब्रुवारीला सगळं संपलं. सुमारे ९१ हजार कैद झाले, त्यातले सहा हजारांच्या आसपास जिवंत घरी परतले. हिटलर चिडला तो कशावर? पाउलुसनं जीव का दिला नाही, यावर.

लढाईनंतर सेनापतींनी आठवणी लिहिल्या. सगळं खापर हिटलरच्या डोक्यावर. पण ३ जुलै १९४१ ला याच हाल्डरनं डायरीत लिहिलं होतं, की रशियाची मोहीम दोन आठवड्यांत जिंकली म्हटलं तर चुकीचं नाही. मानस्टाइननंही सुरुवातीला लगेच बाहेर पडू नका असाच सल्ला दिला होता. कैद्यांना मारायचे हुकूम याच सेनापतींच्या हातून खाली गेले. हिटलरचा हात शेवटच्या वर्षांत थरथरायचा, डॉक्टर सुया टोचायचा, हे खरं. पण १९४१ चे निर्णय त्याच्या आधीचे. रोग एका डोक्यात नव्हता. डोकं एकच चालवायचं, ही जी व्यवस्था होती, तिच्यात होता.

समोर स्टालिन होता. तोही हुकूमशहाच, आपल्याच लोकांना छावण्यांत सडवणारा. १९४१ साली झुकोव्ह कीव सोडा म्हणाला, तर त्याला चीफ ऑफ स्टाफच्या जागेवरून काढलं. कीवला लाखो सैनिक पकडले गेले. पण १९४२ च्या पानगळीपर्यंत स्टालिन झुकोव्हचं, वासिलेव्हस्कीचं ऐकायला शिकला होता. हिटलर तेवढ्याच काळात ऐकायचं विसरला होता. स्टालिन भला नव्हता. त्यानं निदान कान उघडे ठेवले.

१८ जानेवारी १९४३. पाउलुसचे सैनिक बर्फात उपाशी मरत होते. त्याच दिवशी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात, रानड्यांच्या जयंतीला, बाबासाहेब बोलत होते. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. विषयात विभूतिपूजा होती. थोर माणसाचा आदर करणं वेगळं आणि त्याचा हुकूम डोळे मिटून पाळणं वेगळं, हा फरक त्यांनी तिथं केला. समोर स्टालिनग्राड नव्हतं, पण फरक तोच.

पोरांनो, आपल्याही बैठका होतात. एकजण बोलतो, बाकीचे माना डोलावतात. ज्याला पटत नाही तो बाहेर चहाच्या टपरीवर येऊन सांगतो. हाल्डरही डायरीतच लिहीत होता. पुढच्या बैठकीत टपरीवरचं बोलणं आत बोला. जो ‘नाही’ म्हणेल त्याला गद्दार म्हणायच्या आधी त्याचं पुरतं ऐका. नेता मोठा असेल तर तोही ऐकेल. ऐकत नसेल तर तो आपल्याला कुठं नेतोय, ते आत्ताच विचारा. फास आवळल्यावर विचारून उपयोग नाही.